ऑपरेशननंतर किती किलोवर थांबायचं? तक्ता, टक्का आणि रोजचं जगणं

माझ्या चुलत दिराच्या बायकोचं पुढच्या महिन्यात वजनाचं ऑपरेशन आहे. स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करतात ते. वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. परवा फाइल घेऊन आली, चहा होईपर्यंतही तिला दम निघेना. "ताई, यात आदर्श वजन ५७ लिहिलंय. आमचे हे म्हणतात ६५ झालं तरी पुष्कळ. मी लग्नात ६२ होते. मग टार्गेट नेमकं किती धरू?"

माझं स्लीव्ह होऊन चार वर्षं झाली. हा आकडा मी तेव्हा चुकीचा धरला आणि त्यापायी दोन महिने स्वतःच्या तब्येतीची वाट लावून घेतली. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. ऑपरेशन ठरलेल्यांना उपयोग होईल, आणि वर्ष उलटून गेल्यावर रोज काट्यावर उभं राहून खट्टू होणाऱ्यांना तर जास्तच.

आधी माझंच उदाहरण घ्या. उंची १५५, ऑपरेशनच्या दिवशी वजन ९८, आज ७२. बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याच्या, तक्त्यात मी नापास आहे. माझा बीएमआय ३० येतो आणि आपल्याकडच्या निकषात २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा धरतात. जास्तीच्या वजनापैकी किती उतरलं हे पाहिलं तर ६८ टक्के. ५० टक्क्यांना ऑपरेशन यशस्वी म्हणण्याची जुनी पद्धत आहे, म्हणजे मी चांगल्या मार्कांनी पास. मूळ वजनाच्या किती टक्के उतरलं हे पाहिलं तर साडेसव्वीस, स्लीव्हच्या मानाने अगदी व्यवस्थित. आणि रिपोर्ट काढले तर तीन महिन्यांची सरासरी साखर ७.८ होती ती ५.७ आहे, तीही गोळीशिवाय. बीपीच्या दोन गोळ्यांची अर्धी झाली.

शरीर तेच, काटाही तोच. निकाल मात्र कोणती पट्टी लावली त्यावर ठरतो. म्हणून "किती किलो" विचारण्याआधी कोणती पट्टी धरायची ते ठरवावं लागतं.

तक्त्यातलं आदर्श वजन

फाइलवर छापलेला आकडा बहुतेक वेळा इथून येतो. सगळ्यात सोपी रीत म्हणजे उंचीच्या सेंटिमीटरमधून १०० वजा करायचे. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच सर्जन पॉल ब्रोका याच्या नावाने ती ओळखली जाते. 'आदर्श वजन' हा शब्द रुळवला अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या तक्त्यांनी. १९४० च्या दशकात ते निघाले, १९५९ आणि १९८३ मध्ये सुधारले. कोणत्या उंची-वजनाचे विमेदार जास्त जगतात हा त्यामागचा हिशोब होता. १९८३ च्या तक्त्यात तर बायकांच्या अंगावरच्या कपड्यांचे ३ पौंड आणि १ इंचाची टाचही धरली आहे! लठ्ठपणाच्या ऑपरेशनचं यश मोजायलाही बरीच वर्षं हेच तक्ते वापरले गेले.

यात खोट कुठे आहे? हा तक्ता कधीच ११२ किलोवर न गेलेल्या माणसालाही लागतो आणि वीस वर्षं त्या वजनावर राहिलेल्या बाईलाही. जाऊबाईंना ५७ वर यायचं तर ५५ किलो उतरवावे लागतील, म्हणजे जवळजवळ अर्धं शरीर. स्लीव्हने इतकं उतरणारे फार विरळा.

तक्त्याची बाजूही सांगते, कारण आपल्याकडे तो इतका कडक असण्याला कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या पोटातही चरबी दडलेली असते, ती अशी. म्हणून मी तक्ता फेकून द्या म्हणत नाही. किलोऐवजी आपल्याकडच्या निकषातली कंबर घ्या, बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९०, आणि आपली कंबर त्या दिशेने सरकते आहे ना एवढं बघा. पोटाची कातडी लोंबायला लागली की टेपमध्ये तीही येते, हे लक्षात ठेवून.

आणि एक. सुरुवातीचं वजन फार नसेल तर तक्त्यातला आकडा खरंच गाठता येतो. उंची १६५ आणि वजन ९० असलेल्या बाईचं पाव वजन उतरलं की ती साडेसदुसष्टवर, बीएमआय २५ च्या आत येते. तिला तो आकडा वहीत लिहायला हरकत नाही. ११२ वाल्या बाईने तिच्याकडे बघून आपलं टार्गेट ठरवू नये.

दोन प्रकारचे टक्के, दोन गोष्टी

इथे फार घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगते. सर्जन "साठ-सत्तर टक्के वजन उतरेल" म्हणतात आणि घरी येऊन आपण ११२ चे सत्तर टक्के काढत बसतो. ते टक्के जास्तीच्या वजनाचे असतात. जास्तीचं म्हणजे बीएमआय २५ ला जेवढं वजन येतं त्याच्या वरचं. १५८ उंचीला ते ६२ किलो, म्हणून ११२ मधले ५० किलो जास्तीचे. त्याचे साठ टक्के म्हणजे ३० किलो. काटा ८२ वर थांबेल, ४५ वर नाही!

या मापाची दुसरी अडचण अशी की ते जड माणसावर अन्याय करतं. वरची ९० किलोची बाई २० किलो उतरली तर जास्तीच्या २२ पैकी २० गेले, म्हणजे ९१ टक्के. जाऊबाई २८ किलो उतरल्या तर ५६ टक्के. आठ किलो जास्त उतरवूनही त्या मागे! दोघी एकाच डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर शेजारी बसल्या तर काय होत असेल ते मी पाहिलंय. एकीचा चेहरा पडतो, आणि त्यात तिची काहीच चूक नसते.

मूळ वजनाचे टक्के काढले की हा अन्याय बराचसा कमी होतो. दीड वर्षाच्या सुमाराला स्लीव्हने साधारण २५ टक्के आणि बायपासने (हृदयाचं नव्हे, जठर छोटं करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) ३० टक्क्यांच्या आसपास उतरतं. जाऊबाईंसाठी हे सगळं शेजारी शेजारी मांडलं तेव्हा कागदावर असं दिसलं:

तक्ता: ५७ किलो
लग्नातलं वजन: ६२ किलो
जास्तीच्या वजनाचे ५० टक्के उतरले तर: ८७ किलो
मूळ वजनाचे २५ टक्के उतरले तर: ८४ किलो
मूळ वजनाचे ३० टक्के उतरले तर: ७८ किलो

वरचे दोन आकडे आणि खालचे तीन यांच्यात पंधरा ते तीस किलोंची दरी आहे. बरेचसे अश्रू या दरीतच सांडतात. लग्नातल्या वजनाबद्दल इतकंच म्हणेन की ते बाविसाव्या वर्षीचं आहे. मधे दोन बाळंतपणं झाली, थायरॉईड निघालं, वीस वर्षं गेली.

कधीचं वजन?

टार्गेट धरताना तारीख धरायला आपण विसरतो. वजन भराभर उतरतं पहिल्या सहा महिन्यांत. सगळ्यात खालचा आकडा दिसतो साधारण बारा ते अठरा महिन्यांत. त्यानंतर बहुतेकांचे थोडे किलो परत येतात. लहान झालेल्या शरीराला इंधन कमी लागतं, भूक हळूहळू जागी होते, जठराची नळीही थोडी सैलावते. ही आळशीपणाची शिक्षा नव्हे.

फिनलंडमध्ये २४० रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट करून स्लीव्ह आणि बायपासची तुलना केली गेली. दहा वर्षांनी स्लीव्हवाल्यांचं जास्तीचं वजन सरासरी ४३.५ टक्के कमी राहिलं होतं आणि बायपासवाल्यांचं ५१.९ टक्के. जाऊबाईंच्या हिशोबात हे बसवलं तर स्लीव्ह ९० आणि बायपास ८६. स्वीडनच्या १९८७ पासूनच्या मोठ्या अभ्यासातही बायपासवाले दोनेक वर्षांत मूळ वजनाच्या ३२ टक्के उतरले होते आणि दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर टिकले. माणसं तिकडची आहेत, जेवण तिकडचं आहे, पण चढ-उताराचा हा नकाशा आपल्याही फॉलोअपला दिसतो.

हे ऐकून ती गप्प झाली. "म्हणजे इतकं करून नव्वदच?" मी म्हटलं, अगं, ऑपरेशन नाही केलंस तर दहा वर्षांनी तू ११२ वर राहणार आहेस का? आणि ही सरासरी आहे, कुणी त्याच्या खाली टिकतं, कुणी वर जातं. पण टार्गेट धरायचं तर टिकणारं धर. चार दिवस दिसून जाणारं नको.

माझे ते दोन महिने

माझ्या फाइलवर ५५ छापलं होतं. ते तिथे कशासाठी आहे, कुणी समजावलं नाही आणि मीही विचारलं नाही. पंधराव्या महिन्यात काटा ६८ वर अडकला. मी रात्रीचं जेवण सोडलं, नुसतं सूप. पनीर, अंडं, डाळ, सगळं निम्म्यावर. दोन महिन्यांत दोन किलो उतरले. जिना चढताना मांड्या थरथरायच्या. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्याच्या सुमाराला केस गळतात ते बऱ्याच जणांचे, आणि बहुतेक वेळा परतही येतात. हे गळणं वेगळं होतं, न्हाणीघराच्या जाळीवर रोज गुंतवळ साचायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. वजन उतरतं तेव्हा एकट्या चरबीचं उतरत नाही, साधारण पाव हिस्सा स्नायूंसारख्या कामाच्या ऐवजाचा असतो. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं नाही तर तो वाटा वाढतो. माझे ते दोन किलो कशाचे होते हे माझ्या मांड्यांनी सांगितलंच.

याच्या सहा महिने आधीची एक गोष्ट. पुतण्याची मुंज होती. नऊ वर्षं मी कुठल्याही कार्यात भिंतीकडेच्या खुर्चीवर ताट मांडीवर घेऊन जेवत होते, कारण खाली बसले की उठवायला दोन माणसं लागायची. त्या दिवशी पंगतीत जागा रिकामी दिसली आणि मी बसले. मांडी घातली. उजवा गुडघा जमिनीला टेकला. वरणभाताचे चार घास, थोडी मटकीची उसळ, पोट भरलं. पंगत उठली तेव्हा एक हात जमिनीला लावून उठले, एकटी. सासूबाई वाढता वाढता थांबून बघत होत्या. त्या दिवशी माझं वजन ७३ होतं. घरी येऊन मी वहीत लिहिलं, "अजून १८ बाकी."

ते पान मी जाऊबाईंना काढून दाखवलं.

मग धरायचं काय?

माझं मत सरळ आहे. किलोचा अंदाज मूळ वजनाच्या टक्क्यांवरून काढा आणि एक आकडा न धरता चार-पाच किलोंचा पट्टा धरा. यश मात्र रिपोर्ट आणि रोजच्या हालचालींवर मोजा. कॅनडाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आदर्श वजनाऐवजी 'सर्वोत्तम वजन' म्हटलंय, म्हणजे आयुष्यभर निभेल अशा चांगल्या राहणीत शरीर जिथे स्थिरावतं ते. मी ७२ वर दोन भाकऱ्यांऐवजी अर्धी खाते, आठवड्यातून पाच दिवस चालते, दोन दिवस वजनं उचलते, सणाला पुरणपोळीचा चतकोर घेते. हे मला सत्तराव्या वर्षीही जमेल. ६६ वरचं सूप जमलं नसतं.

पट्टा कुणी थोडा वर ठेवावा, कुणी खाली? मधुमेह जुना असेल, इन्सुलिन चालू असेल, वय जास्त असेल, तर वजन थोडं कमी उतरतं. तिथे साखर आणि गोळ्यांकडे बघा. बायपासवाल्यांनी तीसेक टक्के धरायला हरकत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ऑर्थोच्या डॉक्टरांनी एखादा आकडा दिला असेल तर तोच आधी. मूल हवं असेल तर पहिले बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात, तेवढ्यात टार्गेटमागे उपाशी राहणं सर्वांत धोक्याचं, कारण बी-बारा, लोह, कॅल्शियम सगळं पुढे दोन जिवांना लागणार असतं. लोंबत्या कातडीचे किलो टार्गेटमध्ये धरूच नका. ती व्यायामाने जात नाही, आणि काढायची तर वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच.

आणि पट्ट्याच्या वर चार-पाच किलो गेले तर लपून बसू नका, फॉलोअपला जा. आता औषधंही आहेत, २०२५ पासून वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं आपल्याकडे मिळू लागली आहेत. ती घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण उशीर करू नये.

जाऊबाईंनी चहा गार केला, पण वही उघडली. पहिल्या पानावर ५७ होतं, त्यावर रेघ मारली. खाली लिहिलं: "दीड वर्षाने ८० ते ८५. दहा वर्षांनी ९० च्या आत." मग पेन तोंडात धरून बराच वेळ विचार केला आणि आणखी तीन ओळी लिहिल्या. साखरेची गोळी बंद. रात्री घोरण्याचं मशीन न लावता झोप. एसटीची पायरी दांडा न धरता.

"ताई, वारी लिहू का? आळंदी ते पुणे, एकच दिवस?"

मी म्हटलं, लिही. तारीख पुढच्या वर्षीची नको, त्याच्या पुढच्या वर्षीची घाल.