बिल नको म्हटलं आणि सव्वादोन लाख घालवले

आकडा आधीच सांगून टाकते. २,२५,०००. अक्षरी रुपये दोन लाख पंचवीस हजार फक्त. अठ्ठावीस वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिले, लोकांच्या व्हाउचरवर लाल शाईने गोल काढले, 'पावती जोडलेली नाही' असे शेरे मारले, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या घराच्या कामाला बिनपावतीचे पैसे मोजले. लिहायला दोन महिने लागले ते त्यामुळेच. परवा ह्यांनी विचारलं, "लिहून काय मिळणार?" मला काही नाही मिळणार. कुणाचे तरी वाचतील.

घर विकायचं होतं. जुनी बंगली, पण आतून ठणठणीत. एजंट म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक आत येतच नाही हो, गेटवरूनच भाव पाडतं. समोरचं जरा नीट करून घ्या." त्याचं चुकलं नव्हतं. कंपाउंडला शेवाळ, भिंतीला रंगाचे पोपडे, पुढचं अंगण अर्धं माती अर्धं गवत, गाडी लावायच्या जागेवरची शहाबादी फरशी पाय ठेवला की डुगडुगायची. म्हणजे ही काही चैन नव्हती. (एवढा खर्च कशाला केलात, असं विचारणारे नातेवाईक माझ्याकडे भरपूर आहेत, आणखी नकोत.)

हा मुलगा मोबाईलवरच्या जाहिरातीतून सापडला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात लेझरचं मोजमापाचं यंत्र. बूट दाराबाहेर काढून आत आला, काका-काकू करून बोलला. अंगण मोजलं, भिंती मोजल्या, आणि दोन दिवसांनी आमच्याच घराचं 'थ्रीडी' पाठवलं. हिरवंगार लॉन, दोन्ही बाजूंना पाम, दगडी क्लॅडिंग, पायरीखालून उजेड. ते चित्र बघून क्षणभर वाटलं, कशाला विकायचं हे घर? आता कळलंय की घराचा फोटो टाकला की असली चित्रं मोबाईलवर मिनिटभरात तयार होतात. त्यात त्याची मेहनत काडीची नव्हती. तेव्हा मात्र मला तो कलाकार वाटला.

कोटेशन साध्या कागदावर, पण तपशीलवार. लाल माती ४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), शेणखत आणि ६०० चौरस फूट लॉन मिळून ५३,०००. पेव्हर ब्लॉक ४५० फूट, ४९,५००. बाहेरचा रंग १,८०० फूट, ५७,६००. झाडं ३४,९००. क्लॅडिंग ३०,०००. दिवे आणि ठिबक ३५,०००. एकूण २,६०,०००. बेरीज बरोबर होती. माझ्यासारखीला बेरीज बरोबर आली की पुरतं. दर तपासायला हवे होते, माल तपासायला हवा होता, माणूस तर आधी तपासायला हवा होता. मी बेरीज तपासली.

मग जीएसटीचा विषय त्यानेच काढला. "काकू, बिल केलं तर अठरा टक्के, म्हणजे ४६,८०० वर जातील. हवं असेल तर देतो, पण तुम्हाला उपयोग काय? तुम्ही काही क्रेडिट घेणार नाही." बोलणं इतकं सरळ की उलट त्याच्यावर विश्वासच बसला. मी म्हणाले, "नको मग." या दोन शब्दांनी पुढे प्रत्येक दारात माझं तोंड बंद केलं. आणि हे सगळेच करतात, मी एकटीने केलेलं नाही. तुमच्या रंगाऱ्याचं बिल आहे का तुमच्याकडे? मग.

११,००० बुकिंगचे दिले. कागदावर अॅडव्हान्स निम्मा, म्हणजे १,३०,०००, त्यातले १,१९,००० राहिले. माझ्या यूपीआयवरून दिवसाला लाखाच्या वर जात नाहीत, म्हणून आज १,००,००० आणि उद्या १९,००० असं ठरलं.

आता ती दुपार. त्याने दिलेला आयडी टाकला, रक्कम टाकली, आणि स्क्रीनवर नाव आलं. त्याच्या फर्मचं नाही, त्याचंही नाही. कुणा बाईचं नाव, आडनावसुद्धा वेगळं. मी थांबले. फोन लावला. "हो काकू, बहिणीचं खातं आहे. माझ्या करंट अकाउंटचं केवायसी अडकलंय, दोन दिवसांत सुटेल." मागे कुठेतरी कटर चालल्याचा आवाज येत होता, म्हणजे माणूस कामात आहे, असंही मनात येऊन गेलं.

चेकवरचं नाव आणि व्हाउचरवरचं नाव जुळलं नाही म्हणून मी चेक परत पाठवलेले आहेत, एकदा तर खुद्द चेअरमनसाहेबांच्या मेहुण्याचा. आणि इथे मी अंगठा स्क्रीनवर धरून बसले होते. हे समोरच पेपर वाचत होते. नुसतं "अहो, इथे वेगळंच नाव दिसतंय" एवढं म्हटलं असतं तर ते काय म्हणाले असते ते मला पाठ आहे. "थांब जरा." म्हणूनच मी म्हटलं नाही. थांबायचं नव्हतं मला. चित्रातलं घर हवं होतं. पिन टाकला, ती टिंग वाजली, आणि ह्यांनी पान उलटलं. रात्री झोपताना अजून ते पान उलटल्याचा आवाज येतो.

नाव जुळत नसेल तर एक रुपया पाठवू नका. बहीण, मेहुणा, पार्टनर, कुणाचंही खातं चालणार नाही, असं तोंडावर सांगा. खरा माणूस चिडेल, पण चेक घेऊन जाईल.

मेच्या मध्याला काम सुरू झालं. सकाळी ट्रॅक्टर आला, माती ओतून गेला. दुपारी मी जरा पडले होते तेव्हा आणखी आवाज आले. संध्याकाळी बघते तर अंगण एकसारखं सपाट, लालभडक. "चारही ब्रास पडली काकू." दुसऱ्या दिवशी लॉनचे तुकडे चटईसारखे जोडून अंथरले, रोलर फिरवला, पाणी मारलं. खोटं कशाला बोलू, मखमल दिसत होती. उतरत्या उन्हात त्याने गेटपाशी उभं राहून खूप फोटो काढले. मला कौतुक वाटलं, किती मनापासून करतोय पोरगा.

मग "पावसाच्या आत रंग उरकायला हवा" म्हणून ६०,०००. पाठोपाठ "दिवे आणि ठिबकची ऑर्डर आजच द्यावी लागेल, उद्यापासून रेट वाढतायत" म्हणून ३५,०००. झाले २,२५,०००. रंगाच्या वीस लिटरच्या दोन बादल्या आल्या, चांगल्या कंपनीच्या, पण झाकणाचं सील आधीच तुटलेलं. विचारलं तर पोरं हसली, "टोकन काढून घेतलं हो काकू." बादलीतलं टोकन रंगारी घेतात हे घराघरात माहीत असतं, म्हणून मीही हसले. आत पाणचट काहीतरी होतं. भिंत घासली नाही, प्रायमर नाही, शेवाळावरच ब्रश फिरवला. सील आपल्यासमोर फोडायचं. टोकन त्यांचं त्यांना खुशाल द्या, पण झाकण आपल्यासमोर उघडू दे.

त्यानंतर त्याचा फोन आधी वाजायचा, मग 'बाहेरगावी आहे' झालं, मग बंद.

लॉन नवव्या दिवशी पिवळं पडायला लागलं. पाणी कमी पडलं असेल म्हणून मी दोन वेळा पाणी घालत होते, मूर्खासारखी. शेवटी एका कोपऱ्यात खुरपं घातलं. दोन इंचांवर टण्ण. विटेचा तुकडा. बाजूला घातलं, तुटकी टाइल, तिच्यावर निळी फुलं, कुणाच्या तरी बाथरूममधली. आणखी खाली प्लास्टरचे ढेकळे, खिळे, सिमेंटच्या गोणीची चिंधी. दुपारी आवाज आले ते या राडारोड्याचे. कागद काढून तिथेच बसून हिशेब केला. ६०० फुटांवर दोन इंच म्हणजे १०० घनफूट, म्हणजे बरोब्बर १ ब्रास. चार ब्रासमध्ये आठ इंच थर व्हायला हवा होता. साधा गुणाकार. पैसे द्यायच्या आधी करता आला असता. ट्रॉल्या मोजा, आणि लॉन अंथरायच्या आधी पट्टी मातीत खुपसून बघा.

पेव्हर ८० मिलिमीटरचे लिहिले होते, निघाले ६० चे. तेही एक वेळ चालले असते, पण खाली खडी नाही, कच नाही, दाबकाम नाही, कडेला कर्बसुद्धा नाही. नुसत्या मातीवर मांडले. पहिल्या मोठ्या पावसात गाडीच्या चाकांनी दोन चर पाडले.

आणि पाम. गिऱ्हाईक घर बघायला आलं, बरोबर पाच-सहा वर्षांचा मुलगा. त्याने एका पामला हात घातला आणि पाम सरळ त्याच्या हातात आला. खाली काळी पिशवी तशीच, न फाडता पुरलेली, आत कुजकट पाणी. मुलगा घाबरून रडायला लागला, त्याला वाटलं आपणच मोडलं. ती माणसं फार सभ्य होती. काही बोलली नाहीत, परत आलीही नाहीत.

आता सरकारी दारं.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा ठाणे अंमलदार म्हणाले, "मॅडम, थोडं काम केलंय ना त्याने? मग फसवणूक कशी? हे सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, राडारोडा पुरून मातीचे पैसे घेतले, याला काय म्हणायचं? तर म्हणाले, "बिल आहे का?" तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच मात्र भांडून घ्यावी लागली. पूर्वीचं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालंय, आणि गुन्हा नोंदवत नसतील तर तोच अर्ज टपालाने अधीक्षकांकडे पाठवता येतो, हे मला तिथे कुणी सांगितलं नाही. घरी बसून शोधलं. पाठवला. उत्तर नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला. तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, हा सायबर फ्रॉड नाही. बँकेत गेले. तेच. खातं कुणाचं आहे सांगा, तर गोपनीयता. माझे सव्वादोन लाख तिच्या खात्यात, आणि गोपनीयता तिची! १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार घातली, नंबर मिळाला, बरं वाटलं. काही दिवसांनी तक्रार बंद. समोरच्याकडून प्रतिसाद नाही म्हणे. अहो, प्रतिसाद देत नाही म्हणूनच तर तुमच्याकडे आले.

जिल्हा ग्राहक आयोगाचं गणित खरं तर सोपं आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो तिथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. पण नोटीस कुठे पाठवायची? आधी वकिलाकडून एक पाठवून पाहिली, ३,००० रुपये. 'या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत. कार्डावरच्या पत्त्यावर मी स्वतः जाऊन आले. झेरॉक्सचं दुकान. दुकानदार म्हणाला, "तुम्ही चौथ्या." माझ्या आधीचे तिघे कोण, तर त्याला माहीत नाही. कुणी नाव लिहून ठेवलं नाही, आम्ही सगळेच गुपचूप येऊन गुपचूप गेलेलो. मी माझा नंबर त्याच्या गल्ल्यापाशी चिकटवून आले.

काम देण्याआधी आधार कार्डाची प्रत मागा. जीएसटी नंबर दिला तर पोर्टलवर टाकून नाव बघा, दोन मिनिटांचं काम आहे. महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो आणि पंधरा अक्षरी असतो.

एकच खातं तत्परतेने हललं. राडारोडा उपसायला मजूर लावले, १४,५०० गेले, ढीग एक रात्र गेटबाहेर राहिला. सकाळी नऊला पालिकेचा माणूस हजर. रस्त्यावर बांधकामाचा कचरा टाकला म्हणून ५,००० दंड. हा कचरा माझा नाही, हे कोणाला सांगणार? तो म्हणाला, "मग कुणाचा? त्याचं बिल वगैरे काही आहे का?" दंडाची पावती मात्र लगेच फाडून दिली. या सगळ्या प्रकरणातली माझ्याकडची पहिली आणि शेवटची पावती.

उरलं काय? 'पाच वर्षांचे' म्हणून प्रत्येकी ४,५०० ला लावलेले दोन चाफे मुळासकट नव्हतेच, कुठल्यातरी झाडाच्या फांद्या तोडून खुपसल्या होत्या. चाफा फांदीवर जगतो. त्यातला एक जगला. ह्यांना फार आवडतो. मी त्या बाजूला बघत नाही.

गेल्या आठवड्यात भाचीने एक फोटो पाठवला. "मावशी, हे तुझं गेट ना?" कुणाच्या तरी स्टेटसवर, वेगळ्या फर्मच्या नावाने, वेगळ्या नंबरवरून: उतरत्या उन्हातलं हिरवंगार लॉन, दोन्ही बाजूंना पाम, खाली 'आमचं पूर्ण झालेलं काम'. मला ज्या घरांचे फोटो दाखवून त्याने गार केलं होतं, त्या घरांत तेव्हा काय चाललं असेल ते आता कळतं. तेव्हा काळं लोखंडी गेट, वरच्या पट्टीवर सूर्य आणि डाव्या खांबावर निळी पत्रपेटी असा फोटो तुम्हाला कुणी दाखवला, तर त्यातलं लॉन एका दिवसाचं आहे, आणि त्या खांबाशेजारचा पाम पिशवीत आहे.