आरएफसी एडिटरची साइट: मजकुराआधी माहितीचं पान उघडा

जेसॉन (प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवताना वापरतात तो मजकुराचा साचा) वाचणाऱ्या एका पार्सर लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ओळ होती: 'जेसॉन, आरएफसी ४६२७ प्रमाणे.' आरएफसी म्हणजे इंटरनेटवरच्या तांत्रिक नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज. मी ती जशीच्या तशी उचलून आमच्या एपीआयच्या (दुसऱ्यांच्या प्रोग्रामना आमची माहिती देणाऱ्या सोयीच्या) पानावर डकवली. आमचा एक एंडपॉइंट (एपीआयचा एक पत्ता) उत्तरात नुसती "ओके" ही स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, पाठवायचा आणि तो एपीआय वापरणाऱ्या समोरच्या टीमचा पार्सर ती घेईना. दोन दिवस हुज्जत घातल्यावर त्यांच्यातल्या एकीने आमचंच पान पुढे केलं. ४६२७ प्रमाणे सगळ्यात बाहेर ऑब्जेक्ट (नाव-किंमत जोड्या) किंवा अ‍ॅरेच (यादी) लागतो. मी दाखला दिला होता, वाचला मात्र तिने होता.

तेव्हापासून कुठलाही क्रमांक लिहिण्याआधी मी आरएफसी प्रसिद्ध करणाऱ्या आरएफसी एडिटरच्या साइटवर जातो. दिसायला रुक्ष, पण लॉगिन नाही, पैसे नाहीत. (तारीख-वेळ लिहिण्याचं आयएसओ ८६०१ हे मानक विकत घ्यावं लागतं, म्हणून तारखांसाठी मी आरएफसी ३३३९ चा दाखला देतो. वाचणाऱ्याला निदान उघडून तरी बघता येतं.)

या साइटचं खरं मोल प्रत्येक क्रमांकाच्या माहितीच्या पानात आहे. ४६२७ चं पान उघडलं की कळतं, २००६ चा हा दस्तऐवज कधीच बाद झालाय. त्याच्या जागी २०१४ मध्ये ७१५९ आला, त्याच्या जागी २०१७ मध्ये ८२५९. नोंदवलेल्या चुकांची लिंकही तिथेच मिळते.

गोची आहे ती आरएफसीच्या मजकुराच्या साध्या टेक्स्ट फाइलची. एकदा प्रसिद्ध झालेल्या आरएफसीचा आशय बदलत नाही. धोरण योग्यच, पण त्यामुळे ४६२७ ची फाइल आजही जणू कालच लागू झाल्यासारखी वाचता येते. म्हणून लिंक द्यायची तर माहितीच्या पानाची द्या.

कलमाचा आकडाही नव्याने तपासावा लागतो. एचटीटीपीचे (वेब ज्या नियमांवर चालतं त्यांचे) ४०४ सारखे स्टेटस कोड १९९९ च्या २६१६ मध्ये कलम १० मध्ये होते, २०२२ च्या ९११० मध्ये ते कलम १५ मध्ये आहेत. नुसता आरएफसी क्रमांक बदलून 'कलम १०' तसंच ठेवलेली पानं मी पाहिली आहेत. एक माझंच होतं.

आमची ओळ आता अशी आहे: 'जेसॉन, आरएफसी ८२५९, म्हणजेच एसटीडी ९०, कलम २.' (एसटीडी हा इंटरनेट मानकाचा वेगळा क्रमांक.) या कलमाप्रमाणे नुसती स्ट्रिंगही चालते. तरी "ओके" आम्ही ऑब्जेक्टमध्ये घातलंय, कारण समोरचा पार्सर अजून तोच आहे.