लगेच डिलिव्हरी की थोडं थांबायचं?
वहिनीला प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक चढण्याचा आजार; ३१ व्या आठवड्यात बीपी १७०/११२, सूज इतकी की पायात चप्पल जाईना, आणि घरात एकच वाद, आत्ताच सिझर की थांबायचं. थांबलं तर बाळाला पोटात दिवस मिळतात, फुफ्फुसांसाठी दिलेलं स्टेरॉइड लागू पडतं, पण थांबणं म्हणजे ॲडमिट राहून हां, घरी नाही, सारखं बीपी, प्लेटलेट, लिव्हर बघत. लगेच केलं तर बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत), पण आईची सुटका, कारण वार पडल्याशिवाय हा आजार उतरत नाही. ३४ आठवडे झाले असतील तर मात्र थांबू नये. आणि फिट आली तर आठवडे कसले मोजताय, आधी फिट थांबवायला मॅग्नेशियम, मग आई सावरली की डिलिव्हरीच! आणि डिलिव्हरी झाली म्हणजे लगेच सुटलो असंही नाही, वहिनीचं बीपी तर बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी परत चढलं.