निर्वाह न्यायाधिकरण, मोफत वकील आणि १४५६७: मावशीच्या केसचा अनुभव

मावशीने घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर केलं, तो तिला सांभाळत नाही, म्हणून तिने प्रांत ऑफिसातल्या निर्वाह न्यायाधिकरणात केस केली. तिची तारीख परत वाया गेली, आणि कारण एवढंच की तिला पुकारा ऐकू आला नाही. ७६ वर्षांची बाई, एका कानाने जवळजवळ बहिरी, दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर सकाळपासून बसून होती. पक्षकाराशिवाय कुणाला वर सोडत नव्हते, म्हणून मी खाली जिन्यापाशी. शिपायाने दारात येऊन एकदा नाव घेतलं आणि तो आत गेला. रोजनाम्यात लागलं, ‘अर्जदार गैरहजर’. दारापासून चार हातांवर बसलेला माणूस गैरहजर!

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा काय आहे, अर्ज प्रांत ऑफिसात कसा करायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. मी फक्त वापरून काय दिसलं ते लिहितेय.

मोफत वकिलापासून सुरू करते, कारण सगळ्यात चांगला अनुभव तिथला. बाहेर एका वकिलांनी २५ हजार सांगितले होते. मावशीकडे तेवढे असते तर केसच कशाला केली असती? तालुका विधी सेवा समितीत कळलं की महिलेला मोफत विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पॅनलवरच्या वकीलबाईंनी बक्षीसपत्र मागितलं आणि पेन्सिलचं टोक ओळीखाली धरून अख्खं वाचलं. त्या एकच गोष्ट शोधत होत्या: मुलाने आईला सांभाळायचं, अशी अट कुठे लिहिली आहे का. नव्हती. या कायद्याच्या कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण त्यासाठी ती अट लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलंय. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला आणि घराचा ताबा आईला परत दिला, पण तिथे मुलाने सांभाळायचं लेखी वचन दिलेलं होतं. आमच्याकडे तोंडी शब्दाखेरीज काही नाही. म्हणून त्यांनी आधी दरमहा निर्वाह भत्त्याचा आणि केस चालू असेपर्यंत अंतरिम भत्त्याचा अर्ज करून दिला. एक रुपया लागला नाही. कुणी घर मुलाच्या नावावर करत असेल तर कृपा करून ती एक ओळ लिहून घ्या. पोटचा मुलगा आहे, कशाला लिहायचं, असं म्हणू नका.

पण न्यायाधिकरणापुढे हाच वकील उभा राहू शकत नाही. कलम १७. काही उच्च न्यायालयांनी वेगळं म्हटलंय, आमच्या ऑफिसात मात्र वकिलांना दारातच थांबवलं. हेतू चांगला आहे, खर्च वाचावा आणि प्रकरण लांबू नये. पण मग म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने बोलायचं कुणी? कायद्यात त्याची सोय आहे. कलम १८ खाली निर्वाह अधिकारी असतो आणि पालकांची इच्छा असेल तर तो त्यांच्या वतीने उभा राहतो. आम्हाला हे त्या ऑफिसात कुणीही सांगितलं नाही.

दुसरी फसगत ९० दिवसांची. अर्ज ९० दिवसांत निकाली, असं सगळे सांगतात. ते दिवस अर्जापासून नव्हे, नोटीस बजावल्यापासून मोजतात. मावसभाऊ दार उघडायचा नाही, पाकीट परत यायचं, आणि घड्याळ सुरूच व्हायचं नाही. मुद्दाम टाळतोय हे पटलं तर एकतर्फी चालवता येतं, तसा अर्ज द्या. आम्ही दिला तेव्हा कुठे केस हलली.

१४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनबद्दल माझं मत वाईट होतं. सकाळी आठ ते रात्री आठ फोन लागतो, माणसं गोड बोलतात, माहिती देतात, आणि शेवटी दुसरा नंबर देतात. नुसत्या माहितीने काय होतं, असं मी चिडून बोलले होते.

एवढं लिहून ठेवलं होतं, पण आता ते मत बदलतेय. तारीख वाया गेली त्या संध्याकाळी मावशीने स्वतःच फोन लावला. मग हेल्पलाइनची एक कार्यकर्ती घरी आली. तिने मावसभावाशी फोनवर बोलून पाहिलं (उपयोग शून्य) आणि आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाशी गाठ घालून दिली. संघातले एक निवृत्त अव्वल कारकून पुढच्या तारखेला स्वतः आले. मोठ्या अक्षरांत केस नंबर आणि ‘ऐकू कमी येते, बाकावर बसल्या आहेत’ असं लिहून तो कागद त्यांनी शिपायाच्या हातात दिला आणि जिना चढवत नाही म्हणून खाली सुनावणी घेण्याचा विनंती अर्ज टाकला. साहेब खरंच तळमजल्यावर आले. मावशी पहिल्यांदा पूर्ण बोलली. कायद्याची कमाल मर्यादा महिना १० हजार आहे, तिला सहा हजारांचा आदेश मिळाला. आदेशाची प्रतही मोफत असते, पैसे मागितले तर देऊ नका.

पहिला हप्ता आलाय. पुढचा थकला तर तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करायचा, हे वकीलबाईंनी तारखेसकट लिहून दिलंय.

तरीही पुकाऱ्याचं मी सोडणार नाही. ज्या दालनात येणारे बहुतेक अर्जदार साठीच्या पुढचे असतात, तिथे दारात एकदा नाव घेऊन माणूस गैरहजर लावणं मला अजिबात मान्य नाही. बोर्ड खाली लावा, अक्षर मोठं करा, बाकापाशी येऊन नाव घ्या आणि सोबतच्या एका माणसाला वर सोडा, असं लेखी दिलंय, आवक शिक्का घेऊन. उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात माहिती अधिकारात विचारणार आहे.