मशीन अस्सल, घड्याळ बनावट

जुनं सेइको ६१३९ हे जपानी मनगटी घड्याळ घ्यायचा विचार असेल, तर विक्रेत्याने पाठवलेल्या मशीनच्या, म्हणजे आतल्या यंत्रणेच्या, फोटोवर जाऊ नका. या घड्याळात मशीन अस्सलच असतं, बनाव त्याच्याभोवती असतो.

जगातल्या पहिल्यावहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या, स्टॉपवॉचवाल्या) मशीनांपैकी हे एक. १९६९ साली आलं. त्याच वर्षी झेनिथचं एल प्रिमेरो आणि ह्यूअर-ब्राइटलिंग यांचं कॅलिबर ११ ही तशीच मशीनंही आली. पुढे १९७३ मध्ये अंतराळवीर विल्यम पोग पिवळ्या डायलचं ६१३९ घालून स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर गेले, म्हणून आज त्या पिवळ्या डायलवर संग्राहकांच्या उड्या पडतात. मशीन मात्र दुर्मिळ नाही. कोणत्याही घासलेल्या ६१३९मधून ते काढता येतं, वर नवं छापलेलं डायल बसवलं की झालं काम.

मला 'सगळे भाग मूळचे, नुकतंच सर्व्हिसिंग झालंय' असं सांगून घड्याळ विकलं गेलं. हातात आल्यावर भिंग लावलं. डायलवर 'वॉटर ७० मीटर प्रूफ' छापलेलं. मागच्या झाकणावरचा सीरियल नंबर मात्र ६ने सुरू होणारा. त्यातला पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, म्हणजे घड्याळ १९७६चं. 'प्रूफ' जाऊन 'रेझिस्ट' शब्द येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती! छपाईही फुगलेली, अक्षरांच्या कडा पसरलेल्या.

६१३९ला वेगळा सेकंद काटा नाही, मधला सेकंद काटा स्टॉपवॉचचाच. त्यामुळे स्टॉपवॉच चालू ठेवून काढलेला व्हिडिओ बघताना सगळं ठीकच वाटतं. प्रत्यक्षात रीसेटचं बटण दाबलं की काटा बाराच्या अलीकडेच थांबायचा, आणि मिनिटांचा छोटा काटा जागचा हलायचा नाही. घड्याळजींनी उघडून दाखवलं: आतलं तेल पार सुकलेलं. सर्व्हिसिंग म्हणजे नुसतं वरवर पुसलेलं.

विक्रेत्याचं उत्तर आलं, "एवढ्या जुन्या घड्याळात असं चालायचंच." नंतर उत्तरं बंद. याचा मला फार संताप आहे, कारण घड्याळ जुनं असणं आणि त्याच्याबद्दल खोटं सांगणं यांचा काडीचा संबंध नाही. तोच मशीनचा फोटो लावून त्याने आता दुसरं पिवळं घड्याळ विकायला काढलंय.

पैसे देण्याआधी न तोडलेला एक व्हिडिओ मागा. त्यात आधी झाकणावरचा नंबर, मग डायल अगदी जवळून, मग स्टॉपवॉच दोन-तीन मिनिटं चालवून थांबवून रीसेट, आणि शेवटी चावी अर्धी दाबून तारीख, पूर्ण दाबून वार बदलताना दिसला पाहिजे. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तिथेच व्यवहार सोडा.