शेवटचा हप्ता देण्याआधी पीएलसीचा प्रोग्रॅम उघडून बघा

आमचा प्लँट हवेतून ऑक्सिजन आणि नायट्रोजन वेगळे करतो. उभारणी १९९६ सालची. झडपा आणि यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक, म्हणजे पीएलसीही तेव्हाचाच, त्यामुळे एखादं कार्ड गेलं की सेकंडहँड बाजारात शोधत फिरावं लागे. २२ एप्रिल २०२१ पासून केंद्राने मोजके उद्योग वगळून बाकीच्यांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला. ते सगळे आठवडे आम्ही त्याच जुन्या कार्डांवर जीव मुठीत धरून काढले. कोरोनाची लाट ओसरल्यावर मालकांनी नव्या कंट्रोल सिस्टीमला होकार दिला आणि इन्स्ट्रुमेंटेशन माझ्याकडे असल्याने काम माझ्या गळ्यात आलं.

तीन कोटेशनं आली. सर्वांत स्वस्त होतं २७ लाखांचं, बाकीची दोन्ही चाळिसाच्या वर. त्या माणसाने नऊ दिवसांच्या शटडाउनमध्ये पॅनेल बदललं, स्क्रीन चढवल्या. ऑक्सिजनची शुद्धता ९९.५ टक्क्यांवर स्थिर झाली. स्वीकृतीच्या चाचणीत दिवे लागले, अलार्म वाजले, झडपा उघडल्या-मिटल्या. मी सही केली आणि त्याचे उरलेले १० टक्के पैसे सुटले. प्रोग्रॅमची प्रत म्हणून त्याने पेन ड्राइव्ह दिला. तो मी उघडून पाहिला नाही.

सहा महिन्यांनी रात्री बाराला सगळा प्लँट एका झटक्यात ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. हवा थंड करणारा एक्स्पान्डर थांबला, झडपा सुरक्षित स्थितीत गेल्या, पण स्क्रीनवर कारण म्हणून एक ओळही नाही. उणे १८० अंशांच्या आसपास राहायला हवा तो कोल्ड बॉक्स (हवा द्रव करून वेगळी करणारा बंदिस्त भाग) थांबल्या तासापासून गरम व्हायला लागतो. फार गरम झाला, तर पुन्हा थंड करून शुद्धता आणायला दोन-तीन दिवस जातात. फोनवर तो पॅनेलवाला शांतपणे म्हणाला, "साहेब, लायसन्स संपलंय. वर्षाचा मेंटेनन्सचा करार घ्या, साडेतीन लाख." टँकर गेटवर उभे होते. पैसे भरले, तासाभरात त्याने एक कोड सांगितला आणि प्लँट उठला.

पुढच्या वर्षी पुन्हा तसंच झालं, तेही बरोबर रात्री बाराला. त्या शिफ्टला असलेल्या आमच्या पोराला शंका आली. त्याने स्क्रीनवरून पीएलसीची तारीख एक दिवस मागे घेतली, तर स्टार्टची परवानगी लगेच हिरवी झाली! लायसन्सबिसन्स काहीच नव्हतं. प्रोग्रॅममध्ये ठरावीक तारीख टाकून ठेवलेली, ती उलटली की प्लँट बंद. पेन ड्राइव्ह तेव्हा उघडला. प्रोग्रॅमच्या ब्लॉकना पासवर्ड, आणि तो आमच्याकडे नाही. सीपीयूचा, म्हणजे पीएलसीच्या मुख्य भागाचा सीरियल नंबर उत्पादकाकडे कळवला, तर तो भाग बऱ्याच वर्षांपूर्वी विकलेला निघाला. नव्याचे पैसे घेऊन वापरलेला माल बसवला होता.

हे सगळं पैशांचं नुकसान. पुढचं कळलं तेव्हा मात्र मी हादरलो.

दुसऱ्या इंजिनिअरला बोलावून आम्ही लॉजिक नव्याने लिहून घ्यायचं ठरवलं. त्याआधी त्याने जुन्या इंटरलॉक तक्त्यावरून (कशाने प्लँट आपोआप थांबायला हवा, त्याची यादी) एकेक ट्रिप खरोखर देऊन बघितली. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या मॉलिक्युलर सीव्हनंतरच्या कार्बन डायऑक्साइड ॲनलायझरला कॅलिब्रेशन गॅस दिला. स्क्रीनवर आकडा चढला, अलार्म वाजला, पण ट्रिपचा आउटपुट आलाच नाही. तो लॉजिकमध्ये कायमचा बायपास केलेला होता, बहुधा सुरुवातीच्या दिवसांत प्लँट थांबू नये म्हणून. सीव्हमधून कार्बन डायऑक्साइड निसटला, की तो आत गोठून द्रव ऑक्सिजनच्या वाटा बुजवतो. अशा कोपऱ्यात ऑक्सिजन उकळून जातो आणि हायड्रोकार्बन साठत राहतात, तेही ॲल्युमिनियमला चिकटून. म्हणजे स्फोटाचीच तयारी. मलेशियात बिंटुलूला २५ डिसेंबर १९९७ रोजी आमच्यासारख्याच एअर सेपरेशन युनिटचा स्फोट झाला. वणव्यांच्या धुराचे कण शुद्धीकरणातून निसटून द्रव ऑक्सिजन उकळणाऱ्या रिबॉयलरपर्यंत पोचले, असं त्याच्या तपासात निघालं. आमची माणसं दीड वर्ष त्या ट्रिपच्या भरवशावर कोल्ड बॉक्सशेजारी वावरत होती.

म्हणून आता ऑर्डरमध्येच लिहून घेतो: प्रोग्रॅम कॉमेंटसह आणि विनापासवर्ड आमच्या मालकीचा, आमच्या लॅपटॉपवर आमच्या माणसाने उघडून, त्यावरूनच पीएलसीत भरून दाखवायचा. पॅनेल बसण्याआधी सीरियल नंबर उत्पादकाकडून तपासायचे. प्रत्येक ट्रिप खऱ्या सिग्नलने, दिव्याने नव्हे. तारीख दोन वर्षं पुढे ढकलून प्लँट चालतो का, तेही शटडाउनमध्येच बघतो. हे सगळं होईपर्यंत १० टक्के आमच्याकडे.

आम्ही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली सायबर पोलिसांत तक्रार दिली आहे. तारीख मागे घेतल्याचं, कोड मागितल्याचं सगळं लेखी ठेवलं होतं, ते कामी आलं. कोडसाठीचे फोन मात्र रेकॉर्ड केलेले नव्हते, त्याची चुटपुट आहे.

गेल्या महिन्यात शेजारच्या एमआयडीसीतल्या एका नायट्रोजन प्लँटमधून फोन आला. माणूस तोच, पेन ड्राइव्हही तसाच. त्यांचा शेवटचा हप्ता अजून द्यायचा आहे.