हातातल्या डिटेक्टरला बॅटरी कोणती: चार्जिंगची की वापरून टाकायची?

बीड बायपासवरच्या लॉन्सना आणि मंगल कार्यालयांना गेटवर माणसं पुरवायचं माझं काम. झडतीसाठी हातात धरायचे नऊ मेटल डिटेक्टर आहेत, सगळे नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारे. साधी, अल्कलाइन, निकेलची चार्जिंगची आणि अलीकडे केबल खुपसून चार्ज होणारी लिथियमची, अशा चारही वापरून झाल्यात. नवीन डिटेक्टर घेतलेले ओळखीचे लोक विचारत असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पैशाचा हिशेब मांडला तर चार्जिंगची पुढे, यात वाद नाही. साधी आमच्याकडे चार-पाच लग्नं काढते, अल्कलाइन बारा-पंधरा. निकेलची दर दोन-तीन लग्नांनंतर चार्जरला लावावी लागते, पण पुन्हा पुन्हा भरता येते. मीही हाच हिशेब करून एका दमात अठरा घेतल्या होत्या.

हिशेबात एक गोष्ट धरली नव्हती. भरायची तर आधी बाहेर काढावी लागते.

आमच्या डिटेक्टरचा कप्पा मुठीच्या बुडाशी आहे, बॅटरी उभी आत सरकते. माझं माप थापांचं. झाकण उघडायचं, तोंड खाली करायचं आणि मूठ तळहातावर आपटायची. साधी एका थापेत हातात पडते. अल्कलाइन दोन-तीन थापांत. निकेलची दहा थापांनंतर बोटभर बाहेर डोकावते आणि तिथंच रुसून बसते. या बॅटरीची कमाल मापं ठरलेली आहेत, 48.5 बाय 26.5 बाय 17.5 मिलिमीटर. साध्या बॅटऱ्या त्याच्या जरा आतच राहतात. माझ्याकडच्या निकेलच्या थेट काठावर, वरून स्टिकरचा जोड.

मे महिन्यातलं लग्न, सहा पस्तीसचा मुहूर्त. गेटवर वऱ्हाड उभं आणि आमचे सगळ्यात जुने गार्डमामा गुडघ्यावर डिटेक्टर धरून स्क्रू ड्रायव्हरनं बॅटरी उचकटतायत. "साहेब, हे निघूच नाही राहिलं." मी ओरडेपर्यंत बॅटरी निघाली होती, आणि तिच्यासोबत कप्प्यातली पितळी पट्टीही. त्या दिवशी एका रांगेत नुसती हातानं झडती झाली. पट्टीला डाग मारून घेतला, पण तो डिटेक्टर अजूनही ठेच लागली की बंद पडतो. लिथियमच्या बाबतीत तर स्क्रू ड्रायव्हर जवळसुद्धा नेऊ नका. टोक आत घुसलं तर बॅटरी पेट घेऊ शकते.

तुम्ही म्हणाल, बॅटरी न काढताच चार्ज करता येते की, मुठीला पिन असते. असते. माझ्या चार डिटेक्टरना आहे. पण त्याच पिनेत एकानं रात्री चार्जर लावला तेव्हा आत साधी बॅटरी होती. साधी काय, अल्कलाइन काय, त्या चार्ज करायच्या नसतात. आत वायू धरतो, त्या फुगतात, गळतात. सकाळी ती बॅटरी कप्प्याला अशी चिकटली होती की थापा मोजायचं सोडून दिलं. तेव्हापासून त्या चारही पिनांवर चिकटपट्टी आहे. सगळीकडे एकाच जातीची बॅटरी आणि चार्जर एकाच माणसाच्या ताब्यात, एवढी शिस्त तुमच्याकडे असेल तर पिन उत्तमच.

निकेलचं आणखी एक. पाकिटावर 7.2 लिहिलंय की 8.4 ते बघून घ्या. पहिलीत सहा सेल असतात, दुसरीत सात. 7.2 वाली नुकतीच चार्ज करून घातली तरी आमच्या डिटेक्टरचा बॅटरी उतरल्याचा लाल दिवा लागायचा. शिवाय ती पडून पडून उतरते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर उतरते. मधे पंधरा दिवस मुहूर्त नसले की कपाटातल्या सगळ्या मेलेल्या.

घट्टपणावर उपाय केले नाहीत असं नाही. बॅटरीच्या पोटाखालून फीत घालून शेपूट बाहेर ठेवायचं, हा सगळ्यात चांगला. आधी साडीच्या फॉलचा तुकडा लावला, पण त्याची जाडी त्या कप्प्यात मावेना. मग सेलोटेपची पट्टी स्वतःवर दुमडून घेतली, ती अजून चालू आहे. झाकणाला आतून चिकटवलेला स्पंज काढला तरी फरक पडतो. मात्र नंतर साधी बॅटरी घातली तर ती खुळखुळते. कप्पा कानशीनं घासू नका. स्टिकर सोलायचा सल्लाही मला मिळाला होता, मी तो ऐकला नाही.

माझं मत विचाराल तर अल्कलाइन आणि सेलोटेपची फीत. सीझनभरात एका डिटेक्टरचं झाकण तीनदा उघडतं, ते मला परवडतं. परळी, औंढा, वेरूळसारख्या ठिकाणी, जिथं श्रावणी सोमवारी रांग तुटतच नाही, तिथं चार्जिंगचीच घेतील आणि ते बरोबरही असेल. फक्त विकत घेण्याआधी एक आपल्या कप्प्यात घालून, आपटून बघा. लिथियमची मला आकारानं सैल वाटली, पण दोनच वापरल्यात, त्याही एकाच पावसाळ्यात. अल्कलाइनचं एक पथ्य पाळा: सीझन संपला की काढून ठेवा, नाहीतर गळून पांढरी बुरशी धरते. आणि सुटी बॅटरी किल्ल्यांच्या खिशात टाकू देऊ नका. दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, किल्ली आडवी पडली की चटका बसतो.

त्या अठरापैकी अकरा निकेलच्या अजून जिवंत आहेत. डीजेवाल्याच्या कॉर्डलेस माइकात चालतात, तिथला कप्पा ऐसपैस आहे.